प्रस्तावना : पडद्यासमोरचा माणूस

ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्लॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचे व्याज तिच्या कर्जदात्यांना पोचते करायचे होते. रक्कम होती सुमारे ७८ लाख डॉलर. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशांतून जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. कोणी अफरातफर केली नव्हती. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मंजूर केली. आपल्या बँकांत ज्याला मेकर-चेकर म्हणतात तीच पद्धत, वर आणखी एक पायरी. मुद्दलाची रक्कम बाहेर न जाता बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवायची असेल, तर पडद्यावरच्या 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' या तिन्ही ठिकाणी ते खाते नोंदवावे लागत होते. तिघांचीही समजूत अशी की मुद्दल थांबवायचे तर 'प्रिन्सिपल' एवढे एक पुरे. शेवटी इशाराही आला : पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का? व्याजाचे पैसे बाहेर जायचेच होते, म्हणून 'हो' म्हटले गेले. किती पैसे जाणार, हे त्या इशाऱ्यात कुठेच नव्हते.

ते सॉफ्टवेअर म्हणजे फ्लेक्सक्यूब. मुंबईच्या आय-फ्लेक्स सोल्यूशन्सने घडवलेले, पुढे ओरॅकलकडे गेलेले आणि अनेक देशांतल्या बँकांत वर्षानुवर्षे चालत आलेले. त्याने त्या दिवशी काही बिघाड केला नाही, जे सांगितले तेच केले. तिन्ही ठिकाणी खाते नोंदवा, असे सूचनापुस्तिकेत लिहिलेलेही होते. पण परत न आलेले सुमारे ५० कोटी डॉलर मिळवण्यासाठी बँकेला न्यायालयात जावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

हे प्रकरण सुरुवातीलाच मांडण्याचे कारण रकमेचा आकडा नव्हे. असे पडदे आपल्या प्रत्येक कचेरीत आहेत. तिथे नुकसान हजारांत किंवा फक्त मनस्तापात मोजले जाते, एवढाच फरक. 'प्रिन्सिपल' हा शब्द वाचून समोरचा माणूस काय समजेल, हे तो पडदा पक्का करण्याआधी त्या माणसाला दाखवून पाहिले होते का? हा एक प्रश्न विचारण्याची, त्याचे उत्तर मिळवण्याची आणि त्या उत्तराप्रमाणे काम बदलण्याची शिस्त म्हणजे वापरकर्ता-केंद्री डिझाइन. तिची ओळख मराठीत, कामाच्या उपयोगाची अशी करून द्यावी, यासाठी हे पुस्तक आहे.

या शिस्तीचा गाभा समजायला कठीण नाही. ज्यांच्यासाठी बनवायचे त्यांना त्यांच्या जागी जाऊन पाहायचे. त्यांचे काम कुठून सुरू होते, कुठे अडते, कोण कोणाला फोन करते, हे समजून घ्यायचे. त्यावरून गरज नेमकी काय, हे लिहून काढायचे. मग कच्चा नमुना करायचा, अगदी कागदावर पेन्सिलीने चालेल, आणि तो त्याच माणसांपुढे ठेवून ते काय करतात ते पाहायचे. जिथे अडखळतात ते दुरुस्त करायचे आणि पुन्हा पाहायचे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९९ मध्ये आयएसओ १३४०७ या मानकात आणि पुढे २०१० मध्ये, सुधारून २०१९ मध्ये, ९२४१-२१० या मानकात जे मांडले ते थोडक्यात हेच.

मग इतकी उघड गोष्ट होत का नाही? माझ्या मते मुख्य कारण एकच. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये विकत घेणारा वेगळा असतो आणि वापरणारा वेगळा. निविदा काढणारे संचालक, करारावर सही करणारे आयटी प्रमुख, रिक्वायरमेंट लिहून देणारे सल्लागार, साइन-ऑफ देणारे व्यवस्थापक या सगळ्यांना बैठकीत खुर्ची असते. दिवसाचे आठ तास त्या पडद्यासमोर बसणाऱ्या कॅशिअरला, स्टोअरकीपरला, नर्सला ती नसते. त्यांची पहिली भेट होते थेट यूएटीच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या अंतिम चाचणीच्या वेळी. तोवर गो-लाइव्हची तारीख ठरलेली असते आणि त्यांनी काही सुचवले की त्याला 'चेंज रिक्वेस्ट' म्हणतात, तिचे वेगळे पैसे लागतात. या गैरहजर माणसाला वेळेवर खोलीत आणणे, हे या सगळ्या शास्त्राचे खरे काम आहे. त्याचा इतिहासही मी तसाच वाचतो.

इतिहासाची सुरुवात होते ती ज्यांना निवडीला वावच नव्हता अशा माणसांपासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप मिटायचे असत आणि तो चाके मिटून बसे. नोंद होई 'वैमानिकाची चूक' अशी. अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच होते. त्याने चाकांच्या खटक्याला लहानसे रबरी चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला आणि तो प्रकार थांबला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या शेकडो चुकांचा अभ्यास करून हेच व्यापकपणे दाखवले : ज्याला माणसाची चूक म्हणतात ती पुष्कळदा यंत्राच्या रचनेत आधीच पेरलेली असते. पुढच्या सगळ्या विचाराचा पाया इथे पडला आणि मोजण्याची सवयही. बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटणांच्या टेलिफोनसाठी अनेक मांडण्या माणसांवर तपासल्या. त्यातून ठरलेली १-२-३ वरच्या ओळीत असलेली मांडणी १९६३ मध्ये बाजारात आली. तुमच्या मोबाइलवर नंबर फिरवताना आजही तीच दिसते.

दुसरी धारा स्कँडिनेव्हियातली आणि मला ती सर्वांत जवळची वाटते. सत्तरच्या दशकात कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने क्रिस्टन न्यूगार्ड यांना बरोबर घेतले. हे न्यूगार्ड म्हणजे सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक जनक. आपल्या कामावर येणाऱ्या यंत्रणेबद्दल कामगारांना कळले पाहिजे आणि तिच्या रचनेत त्यांचा शब्द चालला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९८१ ते १९८५ या काळात यूटोपिया नावाच्या प्रकल्पात स्वीडन-डेन्मार्कमधले संशोधक वृत्तपत्रांच्या छापखान्यांतल्या कामगारांबरोबर बसले. पाने लावण्यासाठी नवी संगणकीय साधने हवी होती, पण तसे संगणक अजून हाताशी नव्हते. म्हणून त्यांनी प्लायवूड, पुठ्ठा, कागद आणि स्लाइड प्रोजेक्टर यांतून खोटे खोटे कामाचे टेबल उभे केले. एका रिकाम्या खोक्यावर 'डेस्कटॉप लेझर प्रिंटर' असे लिहिले आणि छपाईची वेळ आली की सगळे त्या खोक्याकडे वळत. पानजुळणी करणारा माणूस पुठ्ठ्यावर हात फिरवत 'इथे माझा हात अडतो' म्हणू शकत होता. तांत्रिक आराखडा पुढे ठेवला असता तर तोच माणूस गप्प बसला असता. स्वस्त, फाडून टाकता येईल असा नमुना आधी करा, या आजच्या प्रत्येक कार्यशाळेत दिल्या जाणाऱ्या सल्ल्यामागे कामगारांच्या हक्काचा हा विचार होता. आज तो विचार बाजूला पडला आहे आणि पुठ्ठा तेवढा उरला आहे, याची मला खंत वाटते.

अमेरिकेत याच सुमारास काम चालले ते कंपन्यांच्या प्रयोगशाळांत. आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन सूत्रे मांडली : सुरुवातीपासूनच वापरणाऱ्यावर व त्याच्या कामावर लक्ष, प्रत्यक्ष वापर मोजणे आणि पुन्हापुन्हा सुधारणे. त्यांनी डिझाइन करणाऱ्यांना स्वतःची प्रक्रिया लिहायलाही सांगितली. ही सूत्रे कोणालाही उघडच वाटावीत अशी, पण तिन्ही सूत्रे फार थोड्यांच्या उत्तरात सापडली. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी कॉपिअरशी झगडणाऱ्या माणसांचे चित्रण केले. दोन्ही बाजूंनी प्रती काढताना नामवंत संगणकशास्त्रज्ञसुद्धा बुचकळ्यात पडले होते. माणूस ठरल्या योजनेबरहुकूम पायऱ्या चढत नाही, समोरच्या परिस्थितीला उत्तर देत पुढे सरकतो, हे त्यांच्या १९८७ च्या पुस्तकाने दाखवले. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या १९८६ च्या ग्रंथामुळे 'वापरकर्ता-केंद्री' हे नाव रूढ झाले. कॅरन होल्ट्झब्लॅट आणि ह्यू बायर यांनी कामाच्या जागी शिकाऊ उमेदवारासारखे बसून शिकण्याची पद्धत बसवली, आणि ॲलन कूपर यांनी १९९९ मध्ये पर्सोना, म्हणजे अभ्यासातून उभी केलेली प्रातिनिधिक माणसे, लोकप्रिय केले. पर्सोनाचे पुढे पुष्कळ हाल झाले. कोणाला न भेटता, फोटो चिकटवून आणि आवडीनिवडी कल्पून केलेले पर्सोना मी अनेक भिंतींवर पाहिले आहेत. त्यांचा काही उपयोग नसतो.

वेब आले आणि गणित उलटले. कचेरीतला माणूस सॉफ्टवेअर सोडून जाऊ शकत नाही. वेबसाइटवरचा माणूस एका क्लिकमध्ये जातो. पैसे वापरणाऱ्याच्या बोटावर अवलंबून राहिले, तेव्हा ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे या विषयाकडे पाठ फिरवली होती त्याही जाग्या झाल्या. याकोब नील्सन यांनी स्वस्त चाचण्यांचा आग्रह धरला. पंधरा जणांची एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन छोट्या घ्या आणि मधे दुरुस्ती करा, हे त्यांचे सांगणे. यातले 'पाच' सगळ्यांच्या लक्षात राहिले, 'तीनदा' बहुतेकजण विसरले. स्टीव्ह क्रुग यांनी हाच विषय सामान्य व्यवस्थापकाला कळेल इतका सोपा केला. पुढे एकाच पडद्याच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून पाहणाऱ्या ए/बी चाचण्या आल्या. कोणते बटण जास्त दाबले गेले हे त्या सांगतात, का दाबले गेले हे सांगत नाहीत. ॲजाइल या पद्धतीने दर दोन आठवड्यांनी, म्हणजे दर स्प्रिंटला, काहीतरी हाती देण्याची शिस्त आणली, तिचा फायदाही झाला. पण स्प्रिंटच्या घाईत बाहेर जाऊन माणसे पाहण्याला वेळच उरत नाही, ही तक्रार अजून सुटलेली नाही.

सरकारी सेवांत पुन्हा तीच जुनी अवस्था दिसते, कारण नागरिकाला दुसरे दुकान नसते. अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर १ ऑक्टोबर २०१३ या पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती सहा. योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खाते उघडण्याची सक्ती होती, आणि सगळी गर्दी त्याच दारात अडकली. त्याच्या वर्षभर आधी ब्रिटनने जीओव्ही डॉट यूके सुरू केले होते. तिथल्या चमूने खात्यांच्या रचनेपेक्षा नागरिकाची गरज आधी हे तत्त्व लिहून, छापून भिंतीवर लावले आणि बऱ्याच अंशी पाळलेही.

आपल्याकडे डिझाइनच्या शिक्षणाचा पाया जुना आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, पवईच्या आयआयटीतले आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ चे. आयडीसीतूनच देवनागरी टंकलेखनासाठी स्वरचक्र हा कीबोर्ड आला. बाराखडी ज्या क्रमाने आपण शाळेत शिकतो त्याच क्रमाच्या आधाराने तो चालतो. चाचणी घेण्याच्या पद्धतीतही इथल्या माणसांनी भर घातली. आपला माणूस पाहुण्यासमोर वाईट बोलत नाही, 'कसे वाटले?' विचारले तर 'छान आहे' म्हणतो. मुंबईत काम करणाऱ्या अपाला लाहिरी चव्हाण यांनी त्यावर हिंदी चित्रपटासारख्या नाट्यमय कथेचा उपाय काढला. कथेत जवळच्या माणसाला संकटातून वाचवायचे आहे, त्यासाठी तातडीने तिकीट काढायचे आहे, असे म्हटले की लोक भीडभाड सोडून संकेतस्थळावर चिडतात आणि नेमके बोलतात.

पण पाया असूनही रोजच्या कामात ही पद्धत मुरलेली नाही, आणि त्याचे एक कारण आपल्या आयटी उद्योगाच्या रचनेत आहे. हिंजवडीत, ऐरोलीत, सीप्झमध्ये बसून आपली मुले ज्या कारकुनांसाठी पडदे लिहितात ते कारकून ओहायोत किंवा लीड्समध्ये असतात. मधे समुद्र असतो आणि एक जाडजूड रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. वापरणाऱ्याला न पाहता काम करण्याची सवय तिथे लागते, आणि मग गल्लीतल्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर करतानाही ती सुटत नाही, जरी पतसंस्था चालत पाच मिनिटांवर असली तरी.

अशाच एका पतसंस्थेत पाहिलेली गोष्ट सांगतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचा मोबाइल नंबर भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. काउंटरवर येणाऱ्या कित्येक वयस्कर सभासदांकडे फोन नव्हता. काउंटरवरच्या ताई नंबराच्या जागी दहा वेळा नऊ टाकत आणि पुढे जात. काही दिवसांनी सॉफ्टवेअरवाल्यांनी नऊंवर बंदी घातली, मग ताईंनी स्वतःचा नंबर टाकायला सुरुवात केली. आता त्यांच्या फोनवर दिवसभर लोकांचे शिल्लकेचे संदेश यायचे. आणि महिनाअखेरीच्या अहवालात शंभर टक्के सभासदांची मोबाइल नोंदणी पूर्ण झाल्याचे दिसायचे. संचालक मंडळ समाधानी होते. ताईंच्या टेबलावर एक शंभरपानी वही होती, खरी माहिती तिच्यात होती : कोणाच्या मुलाचा नंबर लावायचा, कोणाला निरोप शेजाऱ्यांकडून द्यायचा. सॉफ्टवेअर कसे असायला हवे होते याचा सगळा तपशील त्या वहीत लिहिलेला होता आणि ती कोणी मागितली नव्हती.

माणसे वाईट रचना सांभाळून घेतात, म्हणून ती वरच्यांना दिसत नाही. कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, शेजारी उघडी ठेवलेली एक्सेल शीट, 'हा एरर आला की दोनदा एंटर मारायचं' असे नव्या मुलाला दिलेले तोंडी शिक्षण या सगळ्या जागा अभ्यासाच्या आहेत. आणि चाचणीत अडखळलेला माणूस जवळजवळ नेहमी म्हणतो, 'माझंच चुकलं वाटतं, मला कॉम्प्युटर एवढा जमत नाही.' वीस वर्षे हिशेब बिनचूक ठेवलेली माणसे असे म्हणतात. त्यांना असे वाटायला लावणे हा अन्याय आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे.

मराठी माणसाच्या नावाचेच पाहा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचे नाव आधी. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे, लग्नानंतर बदललेले किंवा न बदललेले. परदेशी नमुन्यावरून उचललेल्या अर्जात या नावासाठी 'मिडल नेम, ऐच्छिक' असा एक कोपरा असतो. त्यातून जुळत नसलेली कागदपत्रे, त्यासाठी प्रतिज्ञापत्रे, त्यासाठी एक दिवसाची रजा आणि मजुरी बुडणे हे सगळे ओघाने येते.

हा विषय आत्ताच का, याला तीन कारणे आहेत, आणि तिन्ही सारख्या वजनाची नाहीत. सर्वांत मोठे कारण म्हणजे काउंटर बंद होत चालले आहेत. दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, पेन्शनचा हयातीचा पुरावा यांचा रस्ता अधिकाधिक पडद्यातूनच जातो. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते; ती आणि तिच्यासारखे इतर न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. डोळे मिचकावण्याची ती अट ज्यांनी घातली त्यांचा हेतू वाईट नसणार. त्यांच्या नजरेसमोर ही माणसे नव्हती.

दुसरे कारण उलट्या दिशेचे. माणसाला समजून घेण्याचे हेच तंत्र त्याला फसवायलाही वापरले जाते. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ज्यांना डार्क पॅटर्न हे नाव दिले, त्यांतले तेरा प्रकार आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी मना केले : खोटी घाई लावणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, सदस्यत्व सोडताना चक्रव्यूहात अडकवणे वगैरे. तिसरे कारण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे पडदे मिनिटांत तयार होऊ लागले आहेत. चुकीचा पडदाही तितक्याच वेगाने तयार होतो, आणि तो इतका नीटनेटका दिसतो की त्याच्यावर शंका घ्यायला कोणी धजत नाही.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, तेही सांगतो. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, लिहवून घेणाऱ्या आणि निविदा काढणाऱ्या अशा तिघांसाठी आहे. तिसऱ्या वर्गासाठी जरा जास्तच, कारण चाचण्यांना वेळ व पैसा निविदेतच लिहिलेला नसेल तर पुढे कोणीही काही करू शकत नाही. रंग, अक्षरे आणि चित्रण यांचे शास्त्र मोठे आहे, पण ते इथे नाही. कोणते ड्रॉइंग सॉफ्टवेअर कसे चालवायचे, हेही नाही. आकर्षक ग्राहकोपयोगी ॲपची उदाहरणे मुद्दाम टाळली आहेत. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. इथे भेटतील ते रजेचे अर्ज, गोदामाच्या आवक-जावक नोंदी, हॉस्पिटलचे बिलिंग, व्हाउचर, ग्रामपंचायतीचा करभरणा असले रोजचे पडदे. वेगवेगळ्या पंथांपैकी मी कोणाच्याही नावाने शपथ घेतलेली नाही. मोजमाप प्रयोगशाळावाल्यांकडून, बसून पाहणे मानववंशशास्त्रज्ञांकडून आणि वापरणाऱ्याचा अधिकार स्कँडिनेव्हियातल्या कामगारांकडून घेतला आहे. जिथे या तिघांचे पटत नाही तिथे मी शेवटच्यांच्या बाजूने कललो आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

प्रत्येक भागाशेवटी एक काम दिले आहे. त्याला कोरे कागद, पेन्सिल आणि एक वापरणारा माणूस एवढेच लागते. पहिले काम असे : ज्याच्यासाठी तुम्ही सॉफ्टवेअर करता त्याच्या शेजारी, त्याची परवानगी घेऊन, दोन तास बसा. काही शिकवू नका, काही दुरुस्त करू नका, माउसला हात लावू नका. टेबलावर वही असेल तर ती पाहू द्याल का, असे विचारा. ते करून आल्यावर पुढचे पान उलटावे.